निलूचा सत्कार

गोल्फ हा खेळ मला कधीच आवडला नाही. आधीच सांगून ठेवते. धडधाकट माणसानं काठीनं एवढासा पांढरा चेंडू मारायचा, मग उन्हातान्हात त्याच्या मागं पायपीट करायची, आणि सापडला की पुन्हा मारून लांब घालवायचा. सापडला होता ना मेल्या, मग ठेव की खिशात! पण माझ्या निलूला त्याचं वेड होतं, म्हणून मलाही ते सोसावं लागलं.

निलू म्हणजे निल्स. धुळ्याच्या मिशन बंगल्यातल्या एकमान पाद्रींचा मुलगा. ही माणसं स्वीडन देशाची. आमच्या गावाला सगळेच गोरे म्हणजे इंग्रज. पाद्री बिचारे वर्षानुवर्षं सांगत राहिले की आम्ही इंग्रज नाही हो, आमचा देश वेगळा, तिथं सहा-सहा महिने बर्फ असतो. कोण ऐकतंय! मी बंगल्यात स्वयंपाकाला होते आणि माझे मालक, निंबा, तिथंच बागेत माळी. आम्ही काही ख्रिस्ती झालो नाही आणि पाद्रींनी कधी व्हा म्हटलंही नाही. निलूची आई विषमज्वरानं गेली तेव्हा तो रांगतही नव्हता. माझं स्वतःचं बाळ त्याच हिवाळ्यात जाऊन मी रिकामी बसले होते. पाद्रींनी पोर आणून माझ्या ओटीत ठेवलं. मी त्याला पदराखाली घेतलं आणि पाजलं.

तर माझ्या दुधावर वाढलेला पोरगा तो. पहिल्यांदा 'माय' म्हणाला तो मला बघून. बापाशी त्यांची स्वीडनची भाषा, शाळेत इंग्रजी, आणि बाकी बठ्ठं, म्हणजे सगळं, आमच्या अहिराणीत. भांडायचा अहिराणीत, तापात बरळायचा तेसुद्धा अहिराणीत. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाताना त्याचं तोंड लालबुंद व्हायचं, नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, तरी ताट सरकवायचा नाही. मी म्हणायचे, "राहू दे रे, तुला नाही झेपत." तर म्हणायचा, "तुला झेपतं मग मला का नाही?" असा हट्टी.

गोल्फचं खूळ शिरलं ते शाळेत. दक्षिणेकडं कुठल्याशा थंड डोंगरावर गोऱ्यांच्या मुलांची शाळा होती, तिथं साहेब लोक खेळायचे. मग स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी धुळ्याचा एक इंग्रज साहेब चंबूगबाळं आवरून विलायतेला निघाला आणि जाताना आपल्या काठ्यांची कातडी पिशवी निलूला देऊन गेला. झालं! सुट्टीत घरी आला की सकाळपासून पांझरेच्या कोरड्या पात्रात ठाक-ठाक चालू. रविवारी पाद्री सोनगीरला प्रार्थनेला जायचे, तेव्हा हा किल्ल्याखालच्या माळावर जाऊन चेंडू मारायचा. सोनगीरची माणसं प्रार्थनेला कमी आणि ह्याचं बघायला जास्त. मेंढपाळ पैजा लावायचे, की ह्या बाभळीवरून चेंडू जातो का बघू. जायचा!

मोठा झाला, शाळा संपली, आणि स्पर्धांना जायला लागला. पहिल्यांदा देवळालीला, तिथं लष्करातल्या अफसरांचा सामना होता. निंबा लाल पटका बांधून पिशवी उचलायला बरोबर गेला होता. तिथल्या एका कॅप्टननं विचारलं, "कुठल्या क्लबचा तू?" हा म्हणाला, "धुळ्याचा." तो म्हणाला, "धुळ्यात क्लब आहे?" हा म्हणाला, "नाही, नदी आहे." सगळे पोट धरून हसले. त्या वर्षी पहिल्याच दिवशी हरून परत आला आणि रात्री जेवला नाही. दुसऱ्या वर्षी त्याच कॅप्टनला हरवून चषक घेऊन आला. दारातूनच ओरडला, "माय, भूक लागनी वं!" मी चषक बघितलाच नाही, आधी तवा ठेवला.

मग पुण्याला जिंकला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईला, जिथं बंगाल्यांपासून पारशांपर्यंत सगळे मोठमोठे खेळाडू उतरतात, तिथं माझा एकवीस वर्षांचा पोरगा पहिला आला. आता राहिलं होतं कलकत्ता. तिथं साऱ्या देशातल्या हौशी खेळाडूंची स्पर्धा असते.

हौशी म्हणजे काय ते निलूनं मला चुलीपाशी बसून समजावलं होतं. जो नुसत्या आवडीसाठी खेळतो तो हौशी. खेळाचे पैसे घेतले, सोनंनाणं घेतलं, की तो धंदेवाईक, आणि मग त्याला हौशी लोकांच्या स्पर्धेत पाय ठेवता येत नाही. चषक चालतो, पदक चालतं, हार-नारळ चालतो. बाकी काही नाही. मी म्हटलं, हे बरं आहे, श्रीमंतांचे खेळ आणि श्रीमंतांचेच नियम! तो हसला आणि म्हणाला, "माय, नियम आहे तो आहे."

आणि कलकत्त्याची स्पर्धा म्हणजे काही नुसती चषकाची गोष्ट नव्हती हो. पाद्री म्हातारे झाले होते, मिशननं त्यांना परत बोलावलं होतं. बाप चालला म्हणजे मुलाला इथं राहायचं कारण काय दाखवणार? परदेशी माणसाला सरकार नोकरीशिवाय राहू देत नव्हतं. मुंबईच्या एका तेल कंपनीचा मोठा साहेब गोल्फचा वेडा. त्यानं निलूला शब्द दिला होता, की कलकत्त्यात आमच्याकडून खेळ, तुला जळगावच्या कचेरीत अधिकारी करतो. जळगाव! म्हणजे एका एस.टी.चं अंतर. शनिवारी संध्याकाळी निघाला तर जेवायला माझ्याकडे. मी मनात घर लावूनसुद्धा टाकलं होतं. जळगावला खोली, तिथं मी अधूनमधून जाऊन राहीन, पुढं त्याचं लग्न, कोणाशी होईल देव जाणे, पण होईल. आणि कलकत्ता हुकलं तर आगबोट आणि बर्फ. निलू जन्मात एकदाच स्वीडनला गेला होता, लहानपणी, आणि येऊन म्हणाला होता की तिथं सगळे लोक पाद्रींसारखे हळू बोलतात.

मुंबईचा चषक आला आणि धुळ्याला एकाएकी जाग आली. आजवर ह्याच गावानं त्याला 'काठीवाला गोरा' म्हणून चिडवलं होतं. आता तो 'खानदेशचा सुपुत्र' झाला. पुढाकार भिकमचंदशेठचा. कापसाचे मोठे व्यापारी, जिनिंगचे मालक, आणि त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे. सत्कार समितीची माणसं घेऊन बंगल्यावर आले. मीच चहा दिला. निलूनं हात जोडून स्पष्ट सांगितलं, "शेठजी, हार घाला, नारळ द्या, टोपी-उपरणं द्या. दुसरं काही देऊ नका. मला चालत नाही, माझं कलकत्ता जाईल." शेठ म्हणाले, "हो हो, समजलं, समजलं." समजलं कसलं डोंबल! त्यांना वाटलं, पोरगा वळणाचा आहे, नको-नको म्हणतोय.

कारण आमच्याकडं 'नको' ह्या शब्दाला किंमतच नाही. खानदेशात पाहुणा जेवायला बसला की त्यानं नको म्हणायचंच आणि वाढणारीनं हात धरून वाढायचंच. ताटावर आडवा पडला तरी त्याच्या बोटांच्या फटीतून पुरणपोळीवर तूप पडतं. आहेर आणला की आधी नको-नको होतं, ओढाओढी होते, आणि शेवटी घेतलं जातं. ओढाओढी झाली नाही तर देणाऱ्याला वाटतं, आपला मानच राहिला नाही. मीसुद्धा आयुष्यभर असंच वाढत आले. पण ते पोळीचं होतं.

चौकात मांडव पडला. कर्णे लागले. एवढी गर्दी मी यात्रेतच बघितली होती. बायका एका बाजूला, त्यात मी पुढंच, नवं लुगडं नेसून, कारण माझ्या लेकाचा सत्कार. पाद्री व्यासपीठावर कोपऱ्यातल्या खुर्चीत. भाषणं झाली. "निलूभाऊ गोरा असेल, पण त्याचं काळीज काळ्या मातीतलं आहे," असं शेठ म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टोपी घातली, उपरणं घातलं. निलूचे कान लाल झाले होते. मग शेठनी खिशातून मखमली डबी काढली आणि उघडून लोकांसमोर धरली. सोन्याचं कडं. खास जळगावहून घडवून आणलेलं, पहिलवानाच्या मनगटाला शोभेल असं जाड.

मी निलूचं तोंड बघितलं. रक्तच उतरलं. तो म्हणाला, "नको शेठजी." शेठ हसले. "नको, खरंच नको," म्हणत त्यानं हात पाठीमागं घेतला. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "लई ले रे निलूभाऊ!" घेऊन टाक म्हणे, आणि मग अख्खा मांडव ओरडायला लागला, "लई ले! लई ले!" शेठनी कर्ण्यात सांगितलं, "बघा, बघा! याला म्हणतात संस्कार! आजकालची आपली पोरं हात पुढं करून मागतात आणि हा नको म्हणतोय!" आणखी टाळ्या. मला राहवेना. मी उठून ओरडले, "नको म्हनी राहिना ना तो! ऐकू येत नाही का?" तर शेजारच्या बायांनी मला खांदे दाबून खाली बसवलं. "आनंदानं खुळी झाली बिचारी," म्हणाल्या. एकीनं माझे डोळेसुद्धा पुसले, मेलीनं.

शेठनी त्याचा हात पाठीमागून ओढून काढला, कडं चढवलं आणि तो हात वर धरला. फोटोवाल्यानं फोटो काढला. पाद्री मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलू डबी घेऊन शेठच्या घरी गेला. शेठ दुखावले. "दिलेला मान परत घेऊ? मला काय समजलास तू? लोकांत तोंड कुठं दाखवू?" असं म्हणून दोन पेढे तोंडात कोंबून परत पाठवलं, डबीसकट. आणि त्याच आठवड्यात फोटो मुंबईच्या वर्तमानपत्रात छापून आला. खाली लिहिलं होतं, खानदेशकडून सुवर्णकंकण.

पंधरवड्यात मुंबईच्या गोल्फ मंडळाचा एक पारशी साहेब मोटार घेऊन बंगल्यावर आला. माणूस चांगला होता, निलूवर माया होती त्याची. बोलणं निम्मं इंग्रजीत, निम्मं गुजरातीत. आणि गुजराती आम्हा खानदेशवाल्यांना कळतं. मी दारातच उभी राहिले, चहाचा कप हातात घेऊन, हलले नाही. साहेब म्हणाला, मंडळात दोन-चार जण तुझ्यावर जळतात, त्यांना आयतं कोलीत मिळालं. पण मार्ग आहे. देणाऱ्यानं दोन शब्दांत सांगावं, की मुलानं हे स्वीकारलं नाही, परत केलं. म्हणजे तू हौशीचा हौशी.

एवढंच? मी त्याच पावली शेठच्या पेढीवर गेले. गादीवर बसले होते. मी पायरीशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. हात जोडले, पदर पसरला. बंगल्यात माझ्यावर कोणासमोर काही मागण्याची वेळ आली नव्हती कधी, पण त्या दिवशी मागितलं. म्हटलं, "शेठजी, तुम्ही सांगा की त्यानं नाही घेतलं. खरंच तर आहे. पोरगा माझा इथं राहील. नाही तर जाईल हो तो समुद्रापार."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे भरून आले, मी बघितले. पण म्हणाले काय? "बेबाबाई, निवडणूक तोंडावर आहे. भर सभेत दिलेलं सोनं पोरानं माझ्या तोंडावर फेकलं, असं मी माझ्या हातानं लिहून देऊ? विरोधक मला उभा जाळतील. आणि खरं सांगू? इतक्या प्रेमानं दिलेल्या वस्तूमुळं कोणाचं वाईट होईल, हे माझ्या मनाला पटतच नाही. मुंबईवाले नुसती भीती दाखवतात. पाठवतील कलकत्त्याला, बघ तू." असं म्हणून दिवाणजीला म्हणाले, बाईला चहा सांग. मी चहा घेतला नाही. पायऱ्या उतरताना माझ्या तोंडातून जे शब्द निघाले ते इथं सांगत नाही.

परत आले तर साहेब अजून बसलेला. मी निलूकडं बघून नुसती मान हलवली. साहेब उसासा टाकून म्हणाला, "जाऊ दे. दुसरा मार्ग. तू स्वतः सांग. सांग, की ही खेड्यातली अडाणी माणसं आहेत, ह्यांना खेळ कळत नाही, नियम कळत नाही, ह्यांनी धरून जबरदस्तीनं घातलं. मंडळातले लोक हसतील आणि विषय मिटेल. बस, एवढंच म्हण."

मला तर हायसं वाटलं. म्हण की रे! आम्ही आहोतच अडाणी. त्या दिवशी मांडवात बसलेल्या एकूण एकाला अडाणी म्हण, गाढव म्हण, माझं नाव पहिलं घाल. मी निलूला डोळ्यांनी खुणावत होते. तो आपल्या मनगटाकडं बघत होता. मग इंग्रजीत काहीतरी बोलला, आणि साहेब उठून उभाच राहिला. "तुझी माणसं?" असं तो दोनदा म्हणाला, तेवढं मला कळलं. मग पाद्रींशी हात मिळवला, निलूची पाठ थोपटली आणि गेला. मोटारीचा धुरळा अंगणात बराच वेळ होता.

मी निलूचा दंड धरला. "काय सांगितलंस? काय सांगितलंस तू त्याला?"

तो म्हणाला, "त्यासनी दिन्हं, मी लिन्हं." त्यांनी दिलं, मी घेतलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या मोठ्या पोराला मी थोबाडीत मारली. "नको म्हणत होतास ना? मी ऐकलं! सगळ्यांनी ऐकलं!"

"म्हणत होतो," तो गालावर हात न ठेवता म्हणाला. "पण माय, शेठ म्हातारा आहे. माझ्या दंडात केवढी ताकद आहे, तुला माहीत आहे. मला हात सोडवता आला असता. मी नाही सोडवला. अख्खं गाव मला 'आपला' म्हणत होतं. जन्मात पहिल्यांदा म्हणत होतं. मग त्यांनाच आता अडाणी म्हणू? साहेबासमोर? ह्या मना लोके शेतस." ही माझी माणसं आहेत.

मी बापाकडं बघितलं, की हे तरी समजावतील. पाद्री खिडकीशी उभे होते. त्यांनी पोराला खोटं न बोलायला शिकवलं होतं, आणि आता बिचारे कुठल्या तोंडानं त्याला वेगळं सांगणार होते?

कलकत्त्याच्या यादीतून नाव गेलं. मागोमाग कंपनीच्या साहेबानं कळवलं, फार वाईट वाटतं, पण आता जमणार नाही. उन्हाळ्याच्या आत दोघं गेले. चाळीसगावच्या गाडीत मी बसवून दिलं. निंबानं काठ्यांची पिशवी फळीवर ठेवली. निलूनं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "माय, गावात कोणाला सांगू नको की कड्यामुळं गेलो. त्यांना वाईट वाटेल." शपथ घातली मला. कडं माझ्याच हाती देऊन ठेवलं होतं. ते मी शेठच्या आईकडं, धनकुंवरबाईंकडं, मागच्या दारानं नेऊन दिलं. म्हातारीनं ते तिजोरीत टाकलं. शेठ निवडून आले होते. आता त्यांना ते परत घ्यायला काही अडचण नव्हती.

पावसाळा लागायच्या आधी मी बाजारात वांगी घेत होते. शेजारी आमच्या आळीतल्या दोघी-तिघी उभ्या. एक म्हणाली, "निलू गेला म्हणे कायमचा?" दुसरी म्हणाली, "जाणारच! गोरा तो गोराच. एवढं गावानं डोक्यावर घेतलं, एवढं सोनं घातलं हातात, ते घेतलं आणि चालला आपल्या देशात."

शपथ-बिपथ सगळी विसरले मी. भर बाजारात ओरडून सांगितलं. कडं कुठं आहे ते सांगितलं, शेठ काय म्हणाले ते सांगितलं, पोरगा काय म्हणाला ते सांगितलं. घसा फुटेपर्यंत बोलले. माणसं जमली. कोणी हसलं नाही, उलट सगळे माझ्याकडं मोठ्या दयेनं बघत होते. भाजीवालीनं पाणी दिलं. आणि ती पहिली बाई, जिच्या बाळंतपणात मी रात्रभर बसले होते, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दूध पाजलंस ना बेबाबाई, म्हणून तुला तसं वाटतं. पण खरं सांग, आपला असता तर गेला असता का?"

मी पदरानं तोंड पुसलं, वांग्यांची पिशवी उचलली आणि बंगल्यावर आले. कुलूप काढलं, चूल पेटवली, आणि मग आठवलं की बंगल्यात आता जेवायला कोणीच नाही.